‘सुती’ गाठीत पॉलिस्टर आलं कुठून? हातकणंगल्याच्या एका वर्गीकरण शेडचं प्रकरण

जुने कपडे आणि कारखान्यातली चिंधी धाग्याच्या प्रकारानुसार वेगळी करणारी कॅमेऱ्याची लाइन बसवली, की लोक पहिला प्रश्न विचारतात, ‘अचूकता किती टक्के?’ या प्रश्नाचं उत्तर मिळूनही माल परत येऊ शकतो. कसा, ते या प्रकरणात दिसतं.

युनिट इथे नाव घेऊन सांगितलेलं नाही. कोल्हापूर–इचलकरंजी पट्ट्यात जो माल फिरतो आणि त्यात ज्या अडचणी येतात, त्या एका छपराखाली आणून हे प्रकरण मांडलं आहे. वजनं आणि टक्के हिशेब दाखवण्यासाठी धरलेले आहेत. त्यामागचं भौतिकशास्त्र, तपासणीची पद्धत आणि चुकांची कारणं मात्र कुठल्याही शेडमध्ये तीच राहतात.

माल कुठून येतो

इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये चालवला. दोनच वर्षांनी, १९०६ मध्ये, कोल्हापुरात शाहू महाराजांनी सूत आणि कापडाच्या गिरणीचा पाया घातला. तेव्हापासून हा भाग कापडाचा आहे, त्यामुळे कापडाचा कचराही इथे पिढ्यान्‌पिढ्या हाताळला जातो. हातकणंगल्याच्या शेडमध्ये तो तीन वाटांनी येतो.

पहिली वाट मागांची. शटल नसलेल्या रेपिअर आणि एअरजेट मागांवर कापडाच्या कडेला एक खोटी किनार विणली जाते आणि ती मागावरच कापली जाते. तिच्या झालरीची पोती भरून येतात. दुसरी वाट गार्मेंटच्या कटिंग टेबलावरची चिंधी. तिसरी वाट घरगुती जुने कपडे. भांडी देऊन कपडे घेणाऱ्या बोहारणींची साखळी इथे अजून चालू आहे. धड लुगडं या साखळीतून शेडपर्यंत सहसा पोचत नाही, ते आधीच गोधडीत जातं. शेडमध्ये येतात ते शर्ट, टी-शर्ट, गाऊन, कुर्ते, शाळेचे गणवेश, पॉलिस्टरच्या साड्या.

घेणारेही तीन प्रकारचे. एक रोटर सूतगिरणी. ती चिंधी पिंजून तिचे तंतू मोकळे करते आणि त्यातून जाड सूत काढते. तिची अट अशी: वजनाने किमान ९५ टक्के कापूस, लायक्रा नको, धातू अजिबात नको. दुसरे गिऱ्हाईक म्हणजे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या आणि मशीन शॉप. त्यांना तेल पुसायला सुती चिंध्या लागतात. तिथे पाच-दहा टक्के पॉलिस्टरने कुणाचं अडत नाही, फक्त चिंधीने तेल शोषलं पाहिजे. तिसरा गाद्या-उशांत भरणीचा माल घेणारा, त्याची अट सगळ्यांत सैल.

यंत्र कोणतं घ्यायचं हे ठरवण्याआधी या तीन अटी कागदावर लिहायला हव्या होत्या. शेडमध्ये नेमकं उलटं झालं. लाइन आली, ‘सुती’, ‘पीसी’ (पॉलिस्टर आणि कापसाचं मिश्रण) आणि ‘इतर’ असे तीन वर्ग ठरले, आणि ‘सुती’ म्हणजे कुणाच्या मते सुती, हा प्रश्न पहिली गाठ परत आल्यावर उभा राहिला.

लाइनची रचना

८०० मिलीमीटर रुंदीचा पट्टा, वेग सेकंदाला अर्धा मीटर. वर दोन्ही बाजूंनी सुमारे ४५ अंशांत हॅलोजन दिवे. मधोमध हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा: ९०० ते १७०० नॅनोमीटर, एका ओळीत ६४० पिक्सेल, प्रत्येक पिक्सेलला २२४ तरंगपट्टे. ८०० मिलीमीटरला ६४० पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल सव्वा मिलीमीटरचा. पट्ट्याच्या दिशेनेही पिक्सेल तेवढाच हवा असेल तर कॅमेऱ्याने सेकंदाला ४०० ओळी टिपायला हव्यात. शेजारी साधा रंगीत कॅमेरा आहे. सुताची छटा न रंगवता मिळवायची तर चिंधीच रंगाप्रमाणे वेगळी करावी लागते, त्यासाठी तो.

निअर इन्फ्रारेडमध्ये, म्हणजे एनआयआरमध्ये, रेणूंमधले बंध ठरावीक जागी प्रकाश शोषतात. कापसातल्या सेल्युलोजचा ओ-एच बंध १४९० नॅनोमीटरच्या आसपास रुंद खड्डा पाडतो. पॉलिस्टरमधल्या बेंझिन कड्याचा सी-एच बंध १६६० च्या जवळ अरुंद, टोकदार खूण ठेवतो. नायलॉन आणि लोकर यांचा एन-एच बंध १५०० ते १५३० च्या पट्ट्यात दिसतो. कापडावरचे बहुतेक रंग या प्रकाशाला जवळजवळ पारदर्शक असतात, म्हणून गडद निळा सुती शर्ट आणि पांढरा सुती शर्ट एनआयआरला सारखेच. याला मोठा अपवाद कार्बन ब्लॅकचा. धागा ओढतानाच काळा केलेलं पॉलिस्टर आणि काही काळी छपाई सगळा प्रकाश गिळते, कॅमेऱ्याला सपाट रेघ दिसते. अशा तुकड्याला मॉडेलने ‘माहीत नाही’ म्हणायला हवं. तसं म्हणायची सोय ठेवली नाही, तर ते कुठला तरी वर्ग ठोकून देतं.

रोज लाइन सुरू करताना दिवे अर्धा तास तापू द्यायचे, मग पांढऱ्या संदर्भपट्टीचं आणि झाकण लावून अंधाराचं माप घ्यायचं. पांढरी पट्टी टेफ्लॉनच्या जातीची, दिसायला साधी. शेडमध्ये उडणारी रुई तिच्यावर बसते, आणि धुळकट पट्टीवर घेतलेलं माप दिवसभराच्या सगळ्या मालाला एकाच दिशेने फसवतं. म्हणून दर दोन तासांनी पट्टी पुसून पुन्हा माप घ्यायचं. दिव्यांना स्थिर डीसी पुरवठा द्यायचा. औद्योगिक वसाहतीत व्होल्टेज हलतं, हॅलोजनचा प्रकाश त्याहून जास्त हलतो.

गणिताचा भाग साधाच आहे. परावर्तनाचं शोषणात रूपांतर, प्रत्येक वर्णपटाची सरासरी आणि पसारा सारखा करणं, साव्हित्स्की–गोले पद्धतीने पहिलं अवकलज काढणं, त्यावर पीएलएस-डीए, म्हणजे वर्णपटावरून वर्ग ठरवणारी सांख्यिकी पद्धत. छोटं न्यूरल नेटवर्कही चालतं, पण नमुने हजार-दीड हजारांच्या घरात असताना पीएलएस कुठे चुकलं हे तपासता येतं, आणि शेडला तेच उपयोगी पडतं. निर्णय पिक्सेलचा घेतला तरी तो तुकड्याला लावायचा: कडेचे दोन-तीन पिक्सेल सोडायचे, बाकीच्यांचं मत मोजायचं.

पिक्सेलच्या मतांमधून आणखी एक गोष्ट फुकट मिळते. पीसी कापडात प्रत्येक पिक्सेल थोडा सुती, थोडा पॉलिस्टर असतो. एकावर एक पडलेल्या दोन तुकड्यांत काही पिक्सेल पूर्ण सुती आणि काही पूर्ण पॉलिस्टर दिसतात. पहिला तुकडा पीसीच्या खोक्यात जायचा, दुसरा पुन्हा पट्ट्याच्या सुरुवातीला. सरासरी घेतली की दोन्ही सारखेच वाटतात, म्हणून तुकड्याची सरासरी काढून निर्णय घेणारी मांडणी टाळावी.

चिंधीला ही लाइन परवडत नाही

हे पट्ट्याच्या हिशेबातच कळतं, पण हिशेब सहसा कुणी मांडत नाही. पट्टा सेकंदाला ०.८ गुणिले ०.५, म्हणजे ०.४ चौरस मीटर सरकतो. तुकडे एकमेकांवर न पडता पसरायचे तर फार तर चौथाई भाग झाकता येतो, म्हणजे ०.१ चौरस मीटर. केंब्रिकसारखं कापड चौरस मीटरला १२० ग्रॅम धरलं, तर सेकंदाला १२ ग्रॅम, तासाला ४३ किलो. एवढ्यासाठी हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा कुणी बसवत नाही. पट्टा चौपट वेगाने पळवला तर कागदावर १७० किलोच्या पुढे जातं, पण त्या वेगाला पातळ चिंधी पट्ट्यावरून उचलली जाते. कॅमेऱ्याने जिथे पाहिलं आणि हवेच्या झोताने जिथे उडवलं, त्या दोन जागा वेगळ्या पडतात.

अख्ख्या कपड्याचं गणित वेगळं. एक कपडा सरासरी २०० ग्रॅम, मिनिटाला ४० कपडे: तासाला ४८० किलो. दोन पाळ्यांचे १६ तास आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर सुमारे २,३०० टन. स्वीडनमध्ये माल्मोला सिप्टेक्स नावाचं जे वर्गीकरण केंद्र उभारलं गेलं त्याची क्षमता वर्षाला २४,००० टन सांगितली गेली. आपली शेड त्याच्या दहाव्या हिश्श्याची, पण या पट्ट्यासाठी ती लहान नाही.

यावरून शेडने घेतलेला निर्णय बरोबर होता: लाइनवर फक्त कपडे आणि हातभर मोठे तुकडे. कटिंगची चिंधी पोत्यानिशी तपासायची. एका पोत्यात एकाच टेबलाचा, बहुतेक वेळा एकाच ताक्याचा माल असतो. हातात धरायच्या एनआयआर यंत्राने पोत्यातून वरून, मधून आणि तळातून मिळून वीस ठिकाणी माप घ्यायचं. वीसही सारखे आले तर पोतं सरळ पुढे, एक जरी वेगळं आलं तर पोतं ओतून हाताने निवडायचं. चिंधीच्या बाबतीत कटिंग मास्तरने पोत्यावर लिहिलेली चिठ्ठी कॅमेऱ्यापेक्षा स्वस्त पडते, आणि चिठ्ठी खरी आहे का एवढंच यंत्राने पाहायचं.

परत आलेली गाठ

जूनच्या शेवटी सूतगिरणीने १५० किलोची एक गाठ परत केली. तपासणीत कापूस ८८ टक्के. लाइनच्या स्क्रीनवर मात्र सुती खोक्याची शुद्धता ९७ टक्के दाखवत होती.

अशा वेळी गाठीतून ग्रॅमभर नमुना काढून आम्लात विरघळवण्यात अर्थ नसतो. १५० किलोबद्दल एक ग्रॅम काहीच सांगत नाही. गाठ पूर्ण उघडायची, प्रत्येक कपडा हाताच्या यंत्राने मोजायचा, शंका असलेलेच प्रयोगशाळेत पाठवायचे. कापूस–पॉलिस्टर मिश्रणासाठी पद्धत आयएसओ १८३३ मालिकेतली: नमुन्यावरचं तेल, मेण आणि खळ आधी काढायची, वाळवून वजन घ्यायचं, एका ग्रॅमला २०० मिलीलीटर या प्रमाणात ७५ टक्के सल्फ्युरिक आम्लात ५० अंश सेल्सिअसला तासभर अधूनमधून हलवत ठेवायचं. कापूस विरघळतो, पॉलिस्टर उरतं. गाळायचं, धुवायचं, पातळ अमोनियाने आम्ल मारायचं, पुन्हा धुऊन वाळवायचं, वजन. कपड्यावरच्या लेबलला या कामात पुरावा मानू नये. लेबल चुकीचं असतं, अर्धवट असतं किंवा कापून टाकलेलं असतं.

गाठीत १८ किलो बिगर-कापूस निघाला. त्याची फोड अशी: चुकून आलेले सुमारे १६ किलो पीसी कपडे, ६५ टक्के धरून त्यातलं पॉलिस्टर १०.४ किलो. खोट्या किनारीची १८ किलो झालर, त्यातलं पॉलिस्टर ३.६ किलो. सुती कपड्यांची शिलाई आणि लेबलं २.४ किलो. नायलॉन आणि इतर १.६ किलो.

या फोडीमागे चार वेगळी कारणं आहेत, आणि कॅमेरा बदलून त्यातलं एकही जात नाही.

शिलाई. शंभर टक्के सुती शर्टसुद्धा बहुधा पॉलिस्टर दोऱ्याने शिवलेला असतो, लेबलही पॉलिस्टरचं. इथे सुती कपड्यांच्या सुमारे ११४ किलोंत तो वाटा २.१ टक्के आला. म्हणजे वर्गीकरण निर्दोष झालं तरी अख्ख्या कपड्यांची गाठ ९८ च्या थोडी खालीच राहणार. गिऱ्हाइकाशी ९५ ठरवताना हे आधीच वजा करायचं असतं; वर्गीकरणाच्या चुकीसाठी पाच टक्के उरत नाहीत, तीनच्या आतच उरतात.

खोटी किनार. माग सुती ताका विणत असतो, बाणा (आडवा धागा) सुती असतो, म्हणून मागवाला पोत्यावर ‘कॉटन’ लिहितो. त्याच्या दृष्टीने ते खरंही आहे. पण बाण्याची टोकं पकडून ठेवायला कडेला जे दोरे लावतात ते बहुधा पॉलिस्टरचे, कारण ते तुटता कामा नयेत. झालरीत बाण्याची सुती टोकं जास्त आणि वर असतात, पकडदोरा गुंत्याच्या आत असतो. एनआयआर वरचा थर पाहतं, आणि इथे वरचा थर सुती. उपाय मागावर आहे: पकडदोराही सुती लावणाऱ्या कारखान्याची झालर वेगळ्या पोत्यात, बाकीची भरणीच्या गिऱ्हाइकाला. शेडने सूतगिरणीच्या गाठीत झालर घालणंच थांबवलं. वजन भरायला ती बरी पडत होती, एवढंच तिचं कारण होतं.

आवक बदलली. हे कारण सगळ्यांत कमी दिसतं आणि सगळ्यांत महाग पडतं. मॉडेलची चाचणी वसंतात झाली तेव्हा मालात एक्सपोर्टचे नाकारलेले तागे-कपडे जास्त होते: शंभरात ६० सुती, २५ पीसी, १५ इतर. मॉडेल सुतीतले ९५ टक्के बरोबर ओळखत होतं, पीसीतले ६ टक्के चुकून सुती म्हणत होतं, इतरांतला १ टक्का. सुती खोक्यात ५७ सुती, दीड पीसी आणि नगण्य इतर. शुद्धता ९७ टक्के, स्क्रीनवरचा आकडा हाच. पुढे बोहारणींचा माल वाढला: शंभरात ३० सुती, ५० पीसी, २० इतर. मॉडेल तेच, चुकांचं प्रमाण तेच. आता खोक्यात साडेअठ्ठावीस सुती, ३ पीसी, ०.२ इतर. शुद्धता ९० टक्के. मॉडेलमध्ये काही बिघडलं नाही, तरी गाठ बिघडली. स्क्रीनवरचा ९७ हा चाचणीच्या मालाचा आकडा होता, समोरच्या मालाचा नव्हता, आणि तो कायम लावून ठेवणं हीच चूक होती.

पाऊस. मृग बरसला की शेडमधली हवा ओली होते. प्रमाणित हवेत कापूस स्वतःच्या कोरड्या वजनाच्या ८.५ टक्के पाणी धरतो, पॉलिस्टर ०.४ टक्के, ६५-३५ पीसी त्या हिशेबाने ३.२ टक्के. दमट दिवसात, आणि ओल्या टेम्पोतून आलेल्या गाठोड्यात, कापूस आणि पीसी दोन्ही यापेक्षा कितीतरी वर जातात. पाण्याचा ओ-एच बंध १४५० नॅनोमीटरला शोषतो, सेल्युलोजच्या १४९० च्या अगदी शेजारी. ओला पीसी शर्ट कॅमेऱ्याला जास्त ओ-एच असलेला, म्हणजे जास्त सुती दिसतो. चूक एकाच दिशेला झुकते. वरच्या हिशेबात पीसीची चूक ६ वरून ८ टक्के झाली एवढं धरलं, तरी शुद्धता ९० वरून ८७ वर येते. गाठीतल्या १३२ किलो कपड्यांत १७.६ किलो चुकीचे निघाले होते. हिशेब तिथेच पोचतो.

काय बदललं

माल वाळवून घ्यावा ही पहिली सूचना सगळ्यांना सुचते. तासाला ४८० किलो कपड्यांत १० टक्के जादा पाणी म्हणजे ४८ किलो. एक किलो पाण्याची वाफ करायला किमान ०.६३ युनिट वीज. गळती शून्य धरली तरी तासाला ३० युनिट, केवळ कॅमेऱ्याला बरं दिसावं म्हणून. त्याऐवजी १४५० चा खड्डा किती खोल आहे हेच ओलेपणाचं माप मानलं. ठरावीक खोलीच्या पुढचा कपडा कुठल्याही वर्गात जात नाही, ‘ओला’ म्हणून बाजूला पडतो. तो जाळीच्या मांडणीवर पंख्याखाली पसरून पुन्हा लाइनवर येतो. गाठोडी जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवली, ताडपत्रीखाली वारा खेळता ठेवला. यानेच ओल्यांची संख्या आवाक्यात आली.

मॉडेल पुन्हा शिकवताना तेच कपडे तीन अवस्थांत टिपले: उन्हात वाळलेले, शेडच्या हवेत ठेवलेले, पाणी फवारून पिळलेले. यामुळे मॉडेलला ओ-एचवर भिस्त ठेवता येत नाही, त्याला १६६० ची पॉलिस्टरची खूण शोधावी लागते. त्यात एक अडचण आहे. या जातीच्या कॅमेऱ्याचा संवेदक १७०० नॅनोमीटरला संपतो आणि काठाजवळ त्याचा गोंगाट वाढतो, आणि हवी ती खूण नेमकी काठाजवळ. पिक्सेल चार-चारच्या गटाने एकत्र केले तर गोंगाट निम्म्यावर येतो. कपड्याला अडीच मिलीमीटरचा पिक्सेल पुरतो. २५०० पर्यंत पाहणारा कॅमेरा घेतला तर पॉलिस्टरच्या आणखी खुणा मिळतात, पण किंमत वेगळ्याच पातळीवर जाते आणि पाण्याचा १९४० चा मोठा खड्डाही सोबत येतो.

शिकवणीची आणि परीक्षेची विभागणीही दुरुस्त केली. आधी सगळे पिक्सेल मिसळून त्यातले वीस टक्के परीक्षेला ठेवले होते. एकाच शर्टचे काही पिक्सेल शिकवणीत आणि काही परीक्षेत, मग निकाल ९९ टक्के येणारच. विभागणी कपड्यागणिक नव्हे, लॉटगणिक करायची: एका ताक्यातून, एका गणवेशाच्या पुरवठ्यातून आलेलं सगळं एकाच बाजूला. अशी केली की टक्के खाली येतात आणि शेडमध्ये जे दिसतं त्याच्याशी जुळतात.

ग्रे कापडाचं एक वेगळं प्रकरण इथेच लक्षात आलं. मागावरून थेट आलेल्या तुकड्यांत ताण्यावर (उभ्या धाग्यांवर) खळ असते. स्टार्चची खळ सेल्युलोजसारखीच दिसते, त्रास देत नाही. पीव्हीएच्या (पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या) खळीला सी-एच बंधांची शेपटी १७०० च्या दिशेला असते, आणि स्वच्छ सुती ग्रे तुकडा पीसीसारखा वाटू लागतो. नुकसान उलट्या दिशेचं: चांगला कापूस स्वस्त खोक्यात. खळ असलेले सुती नमुने ‘सुती’ म्हणूनच शिकवल्यावर हे बरंच कमी झालं.

मग उंबरठा. मॉडेलला सुती म्हणायला जास्त खात्री लागेल असं केलं: सुतीतले ९५ ऐवजी ८५ टक्के पकडले, पीसीची चूक दीड टक्क्यावर आली. ३०-५०-२० च्या मालात खोक्यात साडेपंचवीस सुती, पाऊण पीसी, ०.१ इतर. शुद्धता जवळजवळ ९७. पीसीतलं निव्वळ पॉलिस्टर, इतर आणि शिलाई धरून बिगर-कापूस ४.३ टक्के, ९५ ची अट पाळली जाते. निसटलेला कापूस वाया जात नाही, तो ‘माहीत नाही’ खोक्यात जातो. त्या खोक्यात शंभरातले पंधरा-वीस कपडे पडतात, म्हणजे मिनिटाला सहा ते आठ. दोन निवडणाऱ्या बायकांना ते झेपतं.

या बायका लाइनच्या आधीपासून निवड करतात, आणि काही बाबतीत त्यांचा हात कॅमेऱ्याच्या पुढे आहे. दोन-तीन टक्के लायक्रा एनआयआरला बहुधा दिसत नाही, कारण ती कापसाच्या वेष्टणात असते. कापड आडवं ताणून सोडलं की हाताला लगेच कळतं. पिंजताना हीच लायक्रा काट्यांवर गुंडाळली जाते, म्हणून ती आधीच निघायला हवी. रेयॉनही तसंच. तेही सेल्युलोज, वर्णपट कापसासारखा, जो थोडा फरक असतो तो ओलाव्यात बुडून जातो. शंका असेल तर एक धागा ओढून ओला करून तोडायचा: रेयॉनची ताकद ओलं झाल्यावर बरीच उतरते, कापसाची उतरत नाही. गाऊन आणि कुर्त्यांसाठी लाइनने ‘सेल्युलोज’ एवढंच म्हणावं आणि कापूस की रेयॉन हे टेबलावर ठरावं, अशी वाटणी केली.

अस्तर असलेली जाकिटं, गोधड्या, काठाला जर असलेल्या साड्या लाइनवर घालायच्याच नाहीत. वरचा थर सुती म्हणून गोधडी सुती खोक्यात गेली, की आतली चार जुनी लुगडी कोणत्या धाग्याची आहेत हे पिंजण यंत्रातच कळतं. चेन, बटण, हुक हाताने कापायचे आणि त्यानंतरही पिंजण यंत्राच्या आधी लोहचुंबक आणि मेटल डिटेक्टर ठेवायचाच. काट्यावर धातू आपटून उडालेली ठिणगी आणि मोकळी रुई एकत्र आली की आग लागायला वेळ लागत नाही.

हवेच्या झोतांची जागा कपडा ढकलणाऱ्या फळ्यांनी घेतली. २०० ग्रॅमचा कपडा हवेने उडत नाही, वळतो आणि अर्धवट पडतो. कॅमेऱ्यापासून फळी ६०० मिलीमीटरवर, म्हणजे १.२ सेकंद. पण वेळ घड्याळाने मोजला तर ओला पट्टा ड्रमवर घसरला की चूक होते; ०.१ सेकंद म्हणजे ५० मिलीमीटर. पट्ट्याखालच्या चाकाला एन्कोडर लावून अंतरच मोजलं.

कुठल्याच खोक्यात न बसणारा माल उरतोच. तो गुऱ्हाळाच्या चुलाणाला द्यायचा नाही असा नियम आहे. टी-शर्टवरची जाड रबरी छपाई बऱ्याचदा पीव्हीसीची असते आणि जळताना हायड्रोजन क्लोराइड सोडते.

आता दर सोमवारी सुती खोक्यातले १०० कपडे हाताच्या यंत्राने मोजले जातात आणि त्यावरून आलेला आकडा गाठीच्या चिठ्ठीवर जातो, मॉडेलचा नाही. चिठ्ठीवर आवकही लिहितात: बोहारणींचा माल किती, एक्सपोर्टचा किती. बोहारणींचा वाटा अर्ध्याच्या वर गेला की उंबरठा चढवायचा, खाली आला की उतरवायचा. शंभर कपड्यांत तीन चुकीचे निघाले तर खरं प्रमाण एक ते आठ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकतं, म्हणून एका सोमवारच्या आकड्यावर उंबरठा हलवत नाहीत, चार सोमवार एकत्र धरतात. फाउंड्रीच्या चिंधीसाठी ही तपासणी होत नाही. तिथे एक तुकडा तेलात बुडवून पाहतात.